कियारातला ‘क’ कुठला?

आमच्या मुलीचं बारसं सव्वा महिन्यानं झालं. माझे टाके ओले होते, बडोद्याहून सासूबाई आणि नणंद यायच्या होत्या, म्हणून बारावा दिवस टळला. त्या सव्वा महिन्यात एका मांडीवर बाळ आणि दुसऱ्या मांडीवर कोश घेऊन मी एका नावाचा माग काढला. मुद्रितशोधनाचं काम मी १४ वर्षं करतेय. शब्द कुठून आला हे बघितल्याशिवाय त्याचं ह्रस्व-दीर्घ ठरवायचं नाही, ही सवय हाताला लागलेली. ती पोटच्या मुलीच्या नावावर चालवावी लागेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

ती जन्मली तेव्हा चंद्र मृग नक्षत्राच्या चौथ्या चरणात होता. नक्षत्राच्या चरणावरून नावाचं पहिलं अक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात मृगाची अक्षरं वे, वो, का, की. चौथ्या चरणाला ‘की’. दवाखान्यातून घरी येईपर्यंत सगळ्यांच्या फोनवर ‘की’ची यादी फिरायला लागली होती: कीर्ती, किरण, किशोरी, किन्नरी, किमया. सांगलीची माझी आजी कीर्तीवर अडून बसली होती. माझं मन किमयावर होतं. नवरा म्हणत होता, तुम्ही ठरवा, मी फक्त हाक मारीन.

आणि मग नणंदेचा फोन आला.

“वहिनी, मिळालं नाव. किआरा! अर्थ ऐका, पहाटेचा पहिला सूर्यकिरण. आणि संस्कृत आहे हं.”

नाव ऐकताक्षणी कानाला गोड लागलं, हे आधीच कबूल करते. सुरुवातीला बारीकसा ‘कि’, मग तोंड उघडून दोन मोठे ‘आ’. अंगणातून लांबवर हाक द्यायला बरं. शिवाय बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिनं इतक्या हौसेनं शोधलेलं नाव मी कशाला मोडू? पण ‘संस्कृत आहे’ म्हटल्यावर मला राहवेना. पहाटेच्या पहिल्या किरणाला संस्कृतात ‘किआरा’ म्हणतात हे मी कधीच वाचलं नव्हतं. संस्कृतात एका शब्दाच्या पोटात ‘इ’ आणि ‘आ’ असे शेजारी सुटे राहत नाहीत, त्यांचा संधी होऊन ‘या’ होतो. तो ‘आ’ पाहूनच मला शंका आली.

मोनियर-विल्यम्सचा संस्कृत कोश काढला. नाही. मोल्सवर्थचा १८५७चा मराठी कोश काढला. त्यातही नाही. ‘किरण’ होता, आणि मला वाटतं सगळी गोष्ट तिथंच घडली. कुणाच्या तरी कानाला ‘किआरा’त ‘किरण’ ऐकू आला असावा आणि ते यादीत लिहिलं गेलं. तिथून ते दुसऱ्या यादीत उतरलं. एका यादीत सूर्यकिरण, दुसरीत देवीचं नाव, तिसरीत अनमोल भेट. एकाच नावाला तीन अर्थ आणि एकालाही धातू नाही, प्रत्यय नाही, कुठल्या ग्रंथातला दाखला नाही. आईबाप त्यावर विश्वास ठेवतात, पत्रिकेत छापतात, आणि मूल मोठं होऊन शाळेत ‘माझ्या नावाचा अर्थ’ म्हणून तेच लिहितं. मला याचा खरोखर त्रास होतो. नाव कुठलंही ठेवा, पण लेकराला त्याच्या नावाबद्दल खोटं सांगू नका.

पहिला खरा धागा सासूबाईंनी दिला, तोही नकळत. त्यांचा जन्म बडोद्यातला. घरी मराठी, बाजारात गुजराती. फोनवर नाव ऐकून म्हणाल्या, “क्यारा? अगं, क्यारो म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत. पोरीचं नाव शेत ठेवताय?” मला तर ते ऐकून हुरूपच आला. हिंदीतली फुलांची क्यारी आणि गुजरातीतला क्यारो, दोन्ही संस्कृत ‘केदार’वरून आलेत. केदार म्हणजे पाणी धरणारं शेत. मधला ‘द’ प्राकृतात गळला, ‘केआर’ झालं, आणि दोन स्वरांच्या फटीत हलका ‘य’ शिरला. या ‘य’ला हेमचंद्रानं १२व्या शतकातच आपल्या प्राकृत व्याकरणात नाव देऊन ठेवलंय, यश्रुती. तो ‘य’ पुढे माझ्या कामी आला. पण नाव म्हणून कुणी मुलीला ‘क्यारा’ म्हणत आलेत असा धागा तिथून निघेना. उच्चार जुळला म्हणून मूळ एक होत नाही. तसं मानलं असतं तर मीही त्या यादीवाल्यांसारखीच झाले असते.

दुसरा धागा छापखान्यातून आला. वसईचे एक सहकारी बाळाला बघायला आले होते. चर्चा ऐकून शांतपणे म्हणाले, “माझ्या आजीचं नाव क्लारा. इटलीत तीच कियारा.”

इतकं सोपं होतं. वसईत, गोव्यात जुन्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं नाव क्लारा. ते लॅटिन. ‘क्लारुस’ म्हणजे स्वच्छ, उजळ, आणि नामांकितही. इटालियनमध्ये येताना लॅटिनच्या ‘क्ल’मधला ‘ल’ विरघळतो आणि तिथं ‘य’सारखा ध्वनी येतो. क्लाराची क्यारा होते. ‘क्लाविस’ म्हणजे किल्ली, तिची इटालियनमध्ये ‘क्यावे’ होते. हाच लॅटिन शब्द पोर्तुगीजांकडे जरा वेगळा वळला, ‘शावे’ झाला, जुन्या उच्चारात ‘चावे’, आणि तो जहाजातून आपल्या किनाऱ्यावर उतरून आपली ‘चावी’ झाला. म्हणजे ज्या वळणानं क्लाराची कियारा झाली, त्याच्याच शेजारच्या वळणानं आलेला एक शब्द आपल्या कमरेला लटकतोय. हे कळलं त्या रात्री मी बाळाला खांद्यावर घेऊन घरभर फिरले. सांगायला कुणी जागं नव्हतं.

आता खरा प्रश्न रोमन अक्षरांचा. इटालियनमध्ये हे नाव ‘सी-एच-आय-ए-आर-ए’ असं लिहितात. कारण त्या भाषेत ‘सी’पुढे ‘आय’ आला की उच्चार ‘च’ होतो. ‘च’ नको, ‘क’च हवा असेल तर मध्ये ‘एच’ घालायचा. तो ‘एच’ स्वतः बोलत नाही, फक्त ‘क’ला धरून ठेवतो. आपल्याकडे चहातला ‘च’ आणि चाकातला ‘च’ वेगळे असून अक्षर एकच, पण आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं कुठं कोणता. इंग्रजी वाचणाऱ्याला इटालियन ठाऊक नसतं. तो ‘सी-एच’ बघतो आणि ‘चिआरा’ म्हणतो. उच्चार वाचवायचा म्हणून ‘सी-एच’ जाऊन तिथं सरळ ‘के’ बसला.

आणि मग माझ्या लक्षात आलं की इटालियन वर्णमालेत ‘के’ नाहीच. २१ अक्षरं आहेत. जे, के, डब्ल्यू, एक्स, वाय हे फक्त बाहेरून आलेल्या शब्दांपुरते. लॅटिनमध्येही ‘के’ अगदी मोजक्या शब्दांत उरला होता. म्हणजे नाव इटलीचं, पण त्याचं पहिलं अक्षर इटलीचं नाही.

क्लारा नावाची जी सगळ्यांत प्रसिद्ध बाई, तिच्याबद्दलही वाचलं. असिसीची संत क्लारा, इटालियनमध्ये कियारा. जन्म ११९४च्या सुमाराचा, मृत्यू १२५३. संत फ्रान्सिसच्या मागं घर सोडून निघाली आणि निष्कांचन राहण्याचं व्रत घेतलेल्या जोगिणींचा पंथ तिनं उभा केला. तिच्या चरित्रात नावाची कथा आहे. आई ओर्तोलाना गरोदर होती, सुखरूप सुटका व्हावी म्हणून क्रूसापुढे प्रार्थना करत होती. तेव्हा तिला शब्द ऐकू आले की भिऊ नकोस, तुझ्या पोटी जगाला उजळणारा प्रकाश येणार आहे. म्हणून मुलीचं नाव क्लारा. माझं बाळंतपण अवघड गेलं होतं. १३व्या शतकातल्या त्या बाईची भीती मला अगदी जवळची वाटली. १९५८ साली पोपनं या संत क्लारेला दूरचित्रवाणीची आश्रयदाती ठरवलं, कारण आजारपणात अंथरुणावरून तिला लांबच्या चर्चमधली उपासना भिंतीवर दिसली होती अशी कथा आहे. सासूबाईंना हे फार आवडलं.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं, असं नणंद नंतर म्हणाली. पण मी थांबले नाही, कारण याच नावाचं दुसरं मूळ समोर आलं.

आयर्लंडमध्येही एक नाव आहे, ‘सी-आय-ए-आर-ए’. आयरिशमध्ये ‘सी’ नेहमी ‘क’, त्यामुळे उच्चार साधारण ‘कीरा’. ‘कीरान’ या पुरुषनावाचं हे स्त्रीरूप. ६व्या शतकात शॅनन नदीकाठी क्लोनमॅकनॉइसचा मठ स्थापणारा संत कीरान प्रसिद्ध आहे. मूळ शब्द आयरिश ‘कीर’. अर्थ: काळा, सावळा. आयरिशची जुनी वर्णमाला १८ अक्षरांची. तिच्यातही ‘के’ नाही.

हे नाव इंग्रजी वाचकांनी आपापल्या परीनं वाचलं. अमेरिकेत रेव्हलॉन या प्रसाधनांच्या कंपनीनं १९७३ साली या नावाचं अत्तर काढलं, त्याचा उच्चार ‘सिआरा’ रूढ झाला, आणि १९८५ साली जन्मलेल्या गायिका सिआराचं नाव त्या अत्तरावरून ठेवलं गेलं. ज्यांना ‘क’ हवा होता त्यांनी पुन्हा ‘के’ लावला. अशी दोन दूरची नावं, एक भूमध्य समुद्राकाठचं आणि एक अटलांटिकच्या बेटावरचं, रोमन लिपीत ‘के’ लावल्यावर एकसारखी दिसायला लागली. ‘के-आय-ए-आर-ए’ हे त्या दोघींचं मिळून नवं लेखन आहे, आणि त्यातला ‘के’ दोघींच्याही घरचा नाही.

मी हे नणंदेला जसंच्या तसं सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे एका बाजूनं उजेड आणि एका बाजूनं काळी? वहिनी, आपण दुसरं बघू या. लोक काय म्हणतील?”

मला तिचा राग आला नाही. तिचा स्वतःचा रंग सावळा आहे आणि तिच्या लग्नाच्या वेळी जे ऐकावं लागलं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. पण म्हणूनच मी तिथं अडले. मी सांगलीची. ज्या नदीत पोहायला शिकले तिचं नाव कृष्णा. कृष्णा म्हणजे काळी. पंढरपुरात जो उभा आहे तो काळा. मांढरदेवीची काळूबाई काळी. सावळ्याला हाक मारत इथल्या माणसांनी आठशे वर्षं वाट चालली आणि मुलीच्या नावात काळा शब्द आला की आपण दचकतो? मी तिला म्हटलं, “ताई, हाच अर्थ मला जास्त आवडला.” पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, “मग राहू दे. पण पत्रिकेत सूर्यकिरण नको ना छापायचं?” म्हटलं, नको. पत्रिकेत अर्थच नको.

इटालियन चित्रकलेत छायाप्रकाशाला एक शब्द आहे, ‘क्यारोस्कूरो’. क्यारो म्हणजे उजळ, स्कूरो म्हणजे अंधारा. त्यातला पहिला अर्धा भाग आमच्या मुलीचं नाव. दुसरा अर्धा आयर्लंडनं त्याच नावात आणून घातला, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ही व्युत्पत्ती नव्हे, माझी हौस आहे, आणि मुलीला सांगताना ‘हौस’ म्हणूनच सांगेन.

हे नाव आपल्याकडे कसं आलं, तेही पाहिलं. १९९८ साली डिस्नेच्या ‘द लायन किंग’च्या दुसऱ्या भागात सिंबाच्या मुलीचं नाव किआरा होतं. २०१०च्या ‘अंजाना अंजानी’त प्रियांका चोप्राच्या पात्राचं नाव किआरा. अभिनेत्री किआरा अडवाणीचं मूळ नाव आलिया. आलिया भट्ट आधीच गाजलेली, म्हणून २०१४च्या पदार्पणाच्या वेळी तिनं हे नाव घेतलं. त्या पात्रावरूनच घेतलं असं तिनंच सांगितलंय. मग पाळणाघरं आणि बालवाड्या भरल्या. असिसीहून निघालेलं नाव मुंबईच्या पडद्यावरून आमच्या बारशाला पोचलं. जेमतेम तीन अक्षरांच्या नावानं केवढा प्रवास केला.

माहेरी मात्र वेगळीच कुरकुर. मोठे काका म्हणाले, “आपल्यात नावं नाहीत का? परकं कशाला?” त्यांचा मान राखून मी त्यांना माझ्या यादीतलं पहिलं नाव सांगितलं, किमया. ते अरबी आहे. रसायनविद्येचा ‘कीमिया’. त्यांना धक्का बसला. शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव शहाजी, काकांचं शरीफजी. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि त्यावरून दोन्ही मुलांची नावं ठेवली, ही कथा काकांनीच मला लहानपणी सांगितली होती. गुलाबराव, दौलतराव, साहेबराव, हैबतराव यांच्यातला कुठला शब्द आपल्या मातीत उगवला? पण चार पिढ्या हाका मारल्या आणि ते शब्द आपले झाले. काका यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून विचारलं, “ते ‘चावी’चं परत सांग बरं.”

आजीचं तसं नव्हतं. तिला मूळ-बिळ नको होतं, तिला कीर्ती हवं होतं. आणि तिचं कारण मला पहिल्यांदाच कळलं. आजीचं माहेरचं नाव कीर्ती. लग्नात ताटात तांदूळ पसरून आजोबांनी सोन्याच्या अंगठीनं ‘सुमती’ लिहिलं आणि त्या दिवसापासून कीर्ती नावानं तिला कुणी हाक मारली नाही. तिचे आईवडील गेल्यावर तर ते नाव माहीत असलेलंही कुणी उरलं नाही. ८६ वर्षांची बाई पणतीच्या निमित्तानं स्वतःचं नाव परत मागत होती, आणि मी तिला इटलीचे उच्चार समजावत बसले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून मी पुन्हा कोश उघडला. या वेळी ‘क्लारुस’च्याही मागं गेले. तिथं जे सापडलं त्यासाठी ही सगळी खटपट होती असं मला आज वाटतं. ‘क्लारुस’चा पहिला अर्थ उजेडाचा नाहीच. तो आवाजाचा आहे: खणखणीत, स्पष्ट ऐकू येणारा. आवाजावरून तो शब्द डोळ्यांकडे गेला आणि ‘उजळ’ झाला, मग माणसांकडे गेला आणि ‘नामांकित’ झाला. ज्याचं नाव लांबवर ऐकू जातं तो नामांकित. त्याचं मूळ आणि लॅटिन ‘क्लामारे’चं मूळ एकच धरतात, आणि ‘क्लामारे’ म्हणजे हाक मारणं. त्याच वळणानं ते इटालियनमध्ये ‘क्यामारे’ झालं. इटालियन माणूस आपलं नाव सांगताना ‘मी क्यामो’ अशी सुरुवात करतो, म्हणजे मला अशी हाक मारतात. संस्कृतात कोंबड्याला ‘उषाकल’ असा एक शब्द आहे, पहाटे हाक देणारा. त्यातला ‘कल’ भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी नेऊन जोडतात. म्हणजे संस्कृतशी नातं होतंच, फक्त ते पहाटेच्या किरणाशी नव्हतं. पहाटेच्या बांगेशी होतं.

आणि कीर्ती? कीर्ती आणि कीर्तन एकाच धातूचे. उच्चारणं, नाव घेणं, गाणं. उच्चारावरून ख्यातीकडे. दोन्ही शब्दांचं मूळ एक नाही, हे मी आजीलाही स्पष्ट सांगितलं. पण चालून आले ते एकाच वाटेनं: आधी हाक, मग नाव, मग लौकिक. मी म्हटलं, “आजी, तुझं आणि हिचं नाव एकच गं, भाषा तेवढी निराळी.” आजी म्हणाली, “मग मी कीर्तीच म्हणणार.” मी म्हटलं, “म्हण की. तुझंच तर आहे.”

बारशाआधी अक्षरांचा आणखी एक घोळ झाला. नात्यातल्या एकांनी अंकशास्त्राप्रमाणे बघून घ्यायला सांगितलं. एका पद्धतीत ‘के-आय-ए-आर-ए’ची बेरीज ७ येते. आणखी एक ‘आर’ घातला की ९, आणि ती चांगली. मी दुसऱ्या प्रचलित पद्धतीनं मांडून पाहिलं. तिथं बेरीज २२, म्हणजे ४. ‘आर’ला तिथं ९ आकडा असल्यामुळे ‘आर’ एक घाला की दोन, शेवटी ४च. मी त्यांना वही दाखवली आणि सांगितलं, या नावात पहिलं अक्षर एकदा बदललंय, आणि ते उच्चार नीट राहावा म्हणून बदललंय. आता उच्चाराशी संबंध नसलेलं अक्षर मी घालणार नाही. त्यांनी मनाला लावून घेतलं असेल कदाचित. पण उच्चारासाठी बदललेलं लेखन आणि आकड्यासाठी बदललेलं लेखन यांत मला फार अंतर दिसतं. पहिलं वाचणाऱ्याला मदत करतं. दुसऱ्यामुळे मुलीला जन्मभर प्रत्येक खिडकीवर ‘दोन आर’ सांगावं लागतं.

बारसं झालं. पाळण्याखालून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ झालं, घुगऱ्या वाटल्या. शास्त्राप्रमाणे देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावं सांगतात. नाक्षत्रनाम कीर्ती ठेवलं, ‘की’ अक्षर तिथं अगदी नेमकं बसलं. व्यावहारिक नाम आत्यानं कानात कुर्रर्र करून सांगितलं. आजी व्हिडिओ कॉलवर होती. कीर्ती हे नाव घेतलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

जन्मनोंदणी दवाखान्यातून २१ दिवसांच्या आत झालीच होती, बाळाच्या नावाची जागा मोकळी ठेवून. नाव वर्षाच्या आत घातलं तर विलंब शुल्क लागत नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. पण आम्ही बारशानंतरच्या आठवड्यातच गेलो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी अशा कामांना जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झालाय. तिथं जे अक्षर पडेल तेच पुढे सगळीकडे जाणार. केइरा नाइटली या इंग्लिश अभिनेत्रीची गोष्ट मला तेव्हा सारखी आठवत होती. आईवडिलांना सोव्हिएत स्केटिंगपटू किरा इव्हानोव्हावरून नाव ठेवायचं होतं, नोंदवताना आईच्या हातून अक्षरं चुकली, आणि तेच लेखन जगभर गेलं. ते किरा तर तिसरंच, ग्रीक वाटेनं थेट इराणच्या कुरुश राजापर्यंत जाणारं.

अर्जावर दोन रकाने होते, मराठी आणि इंग्रजी. इंग्रजीचा लगेच भरला. मराठीपाशी माझं पेन थांबलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “किआरा की कियारा? नीट ठरवा हो. नंतर दुरुस्तीला खेटे पडतात.” मागं रांग होती. मी तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. मराठी जीभ ‘इ’वरून ‘आ’वर जाताना मध्ये ‘य’ घेतेच. मारिया, पियानो, इंडिया असंच आपण लिहितो. हेमचंद्राचा तो ‘य’, सासूबाईंच्या क्यारोमधला ‘य’, आणि क्लारातला ‘ल’ विरघळून झालेला इटालियन ‘य’. तिन्हीकडून तोच येत होता. ‘कि’ ह्रस्व, ‘या’, ‘रा’. मी कियारा लिहिलं. शाळेच्या कागदांवर तिच्या नावापुढे आधी माझं नाव येईल, मग वडिलांचं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदपत्रांत हाच क्रम ठरलाय. अर्ज परत देताना मी तो दोनदा वाचला, मुद्रित वाचते तसा, बोट ठेवून.

बाईंनी नाव मोठ्यानं वाचलं. क्षणभर वाटलं, देवनागरीत किती सरळ आहे हे. ‘क’ म्हणजे ‘क’. ‘सी’ नको, ‘एच’ नको. रोमन लिपीत ज्या आवाजासाठी लोकांना आपल्या वर्णमालेबाहेरचं अक्षर आणावं लागलं, तो आवाज आपल्या व्यंजनांत पहिलाच बसलाय.

मी एक वही केली आहे. पहिल्या पानावर तिच्या नावाचं खरं मूळ लिहिलंय, इटलीचं आणि आयर्लंडचं, उजेडाचं आणि काळ्याचं. कुठला भाग कोशातला आणि कुठला आईच्या हौसेचा, तेही वेगळं दाखवलंय. दुसऱ्या पानावर आजीनं थरथरत्या हातानं आपलं माहेरचं नाव लिहून दिलंय. ते मी कुरियरनं मागवलं.

सहाव्या महिन्यात एका दुपारी नवरा स्वयंपाकघरातून सहज म्हणाला, “कियारा.” ती सतरंजीवर पालथी पडून खुळखुळा चोखत होती. मान उचलून तिनं आवाजाकडे पाहिलं. आम्ही दोघं तसेच थांबलो. त्यानं परत हाक मारली, तिनं परत पाहिलं. मी धावत जाऊन सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. आजीला नीट ऐकू येत नाही, त्यामुळे ती नेहमीसारखी फार मोठ्यानं ओरडली, “कीर्तेऽऽ!”

तिनं फोनकडेही तसंच पाहिलं.